तिचा नंबर, तिचं माप

बुधवार हा आमच्या सल्ला केंद्राचा दिवस. कात्रपमधल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर मैत्रिणीच्या शिकवणीची खोली आहे, ती दुपारी दोन ते सहा आम्हाला मिळते. गेल्या दिवाळीनंतरच्या अशाच एका बुधवारी दोघी जणी एकत्र आल्या. एक अंबरनाथची, तिशीच्या आतली. दुसरी आमच्याच भागातली, पन्नाशी ओलांडलेली, ब्लाउज आणि शिवलेल्या नऊवारी साड्या करणारी. तिला सगळे काकू म्हणतात, मीही तेच म्हणते. संकट अंबरनाथच्या बाईवर आलं होतं, पण रडत होत्या काकू. ‘ताई, मी कुणालाही दिलेला नाही हो हिचा नंबर,’ एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

झालं होतं असं. काकूंच्या पुतण्याच्या मित्राने त्यांच्या धंद्याची छोटी वेबसाइट करून दिली होती. तिच्यावर ‘संपर्क करा’ म्हणून एक फॉर्म. त्यात नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, आणि खाली छाती, कंबर, उंची, बाहीची लांबी, शिवाय जमल्यास एक फोटो. अंबरनाथच्या बाईने बहिणीच्या लग्नासाठी तो भरला. काही महिन्यांनी रात्री अकरानंतर एका अनोळखी नंबरावरून निरोप यायला लागले. पहिल्या निरोपातच तिचं माप होतं, आकड्यानिशी. तिने तो नंबर बंद केला, दुसऱ्या नंबरावरून सुरू झालं. घरी सांगितलं नाही. नवऱ्याने फोन पाहिला तेव्हा त्याचा एकच प्रश्न: तुझं माप परक्या माणसाकडे गेलं कसं? त्या रात्री तिला मार बसला. फोन काढून घेतला, आणि ती जात असलेली पॅकिंगची नोकरी आठवडाभर बंद.

आपल्या केंद्रांवर येणाऱ्या शंभर कहाण्यांतलीच ही एक. पण मला ती सोडवत नाही, कारण यात ज्यांच्या हातून चूक झाली त्या काकू आपल्यातल्याच आहेत. शिवणकामावर दोन मुली शिकवलेली, नवऱ्याचं आजारपण काढलेली बाई. त्यांच्या मनात काहीच वाईट नव्हतं. आणि तरीही दुसऱ्या एका बाईने विश्वासाने दिलेली गोष्ट त्यांच्या दुकानातून बाहेर गेली.

आम्ही तिघी बसलो आणि शोधायला लागलो की फॉर्म भरून ‘पाठवा’ दाबल्यावर ती माहिती जाते कुठे. मला यातलं फारसं कळत नाही. केंद्रातल्या एका मुलीने मदत केली, ती हिशेब ठेवण्याचं काम करते. दोन तासांत जे निघालं ते मी जसंच्या तसं सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या बचत गटांच्या, पोळीभाजी केंद्रांच्या, पाळणाघरांच्या वेबसाइटी अशाच कुणीतरी ‘करून दिलेल्या’ आहेत.

एक प्रत काकूंच्या ईमेलवर येत होती. त्या ईमेलचा पासवर्ड काकूंना, पुतण्याला, आणि ऑर्डरी पोचवणाऱ्या मुलाला माहीत होता. दुसरी प्रत वेबसाइट करणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या ईमेलवर. सुरुवातीला फॉर्म चालतो का ते पाहायला त्याने स्वतःचा पत्ता घातला होता, तो काढायचा राहिला. दोन वर्षं राहिला. तिसरी प्रत वेबसाइटच्याच पोटात साठत होती, पहिल्या दिवसापासूनची, एकही न पुसलेली. चौथी एका ऑनलाइन तक्त्यात. तो तक्ता ‘दुवा असेल त्या कुणालाही दिसेल’ अशा पद्धतीने उघडा ठेवलेला होता, आणि त्याचा दुवा पोचवणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअॅप गटात टाकलेला होता. त्या गटात तेव्हा किती जण होते, किती सोडून गेले, काकूंना सांगता येईना.

म्हणजे एका बाईचं माप चार ठिकाणी होतं, आणि काकूंना त्यातलं एकच माहीत होतं. ते निरोप कोण पाठवत होतं हे आम्हाला आजही ठाऊक नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. पाठलागाचं जुनं कलम ३५४ ड आता भारतीय न्याय संहितेत ७८ झालं आहे, आणि फोनवरून, इंटरनेटवरून केलेली पाळतही त्यात बसते. तपास चालू आहे असं सांगतात.

जुन्या शिंप्याकडे मापाची वही असायची. आताही असते. दुकानाच्या खणात, खडू आणि टेपच्या शेजारी. त्या वहीतही बायकांची मापं असायची आणि शिंपी बहुतेक पुरुषच. जुने दिवस सोज्वळ होते असं मला मुळीच म्हणायचं नाही, त्या दुकानांतल्या नजरा आपण सगळ्यांनी सोसल्या आहेत. पण ती वही एक होती. ती पाहायला दुकानात यावं लागे. पानावर बहुधा नुसतं ‘जोशी वहिनी’ किंवा ‘मास्तरांची सून’ असं लिहिलेलं असे, पत्ता आणि फोन नसे. वही भरली की रद्दीत जाई, पावसाळ्यात भिजे, हरवे. २००५च्या २६ जुलैला उल्हास नदी घरात शिरली तेव्हा बदलापुरात अशा किती वह्या वाहून गेल्या असतील! फॉर्ममधली माहिती भिजत नाही. पुसली असं वाटलं तरी वेबसाइट ज्यांच्या यंत्रावर ठेवलेली असते त्यांच्याकडच्या राखीव प्रतीत ती काही काळ शिल्लक असते.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली, ती हास्यास्पद होती, पण हसू आलं नाही. चौकशांचे काही निरोप काकूंना कधी पोचलेच नव्हते. ते ईमेलच्या कचऱ्याच्या कप्प्यात जाऊन पडले होते. फॉर्मचा निरोप वेबसाइट पाठवते, पण पाठवणारा म्हणून गिऱ्हाइकाचा पत्ता लावते. मग ईमेलवाल्यांना तो बनावट वाटतो. वर्डप्रेसवरच्या वेबसाइटींत ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ नावाचं साधन पुष्कळ वापरतात. ते स्वतः काहीच साठवत नाही, फक्त ईमेल धाडतं. साठवायचं तर वेगळं साधन जोडावं लागतं. म्हणजे ईमेल कचऱ्यात गेला की तो निरोप गेलाच. दुसरी काही साधनं मात्र सगळं साठवतात. आपल्याकडे कुठलं बसवलंय हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि काकूंनी विचारलं नव्हतं. त्यांच्या कचऱ्यात कर्जाच्या जाहिराती होत्या, आणि त्यांच्यामध्येच कर्जतच्या एका बाईची पाच नऊवारींची मागणी होती, आठ महिन्यांपूर्वीची. एकीकडे जे जपायला हवं ते चार जणांना दिसत होतं, दुसरीकडे ज्यावर पोट आहे ते कुणालाच दिसत नव्हतं.

हे सगळं मी आमच्या मासिक बैठकीत मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, ‘मग बायकांनी असे फॉर्म भरूच नयेत, आपण तसं शिबिरात सांगू या.’ माझा याला ठाम विरोध आहे. रात्री बाहेर पडू नकोस, खिडकीत उभी राहू नकोस, आणि आता फॉर्म भरू नकोस! काळजी प्रत्येक वेळी तिनेच घ्यायची? तो फॉर्म आहे म्हणून काकूंना डोंबिवलीच्या, पुण्याच्या ऑर्डरी मिळाल्या. रस्त्यावर गाळा घ्यायला पैसे नाहीत, गाळ्यावर बसायला घरातून परवानगी नाही, अशा बाईला गिऱ्हाइकापर्यंत पोचायची ही वाट आहे. उल्हासनगरच्या कारखान्यांतल्या कपड्यांचे धागे नगावर कापत आयुष्य काढलेल्या बायका आमच्याकडे येतात. त्यांच्यापैकी एखादी स्वतःच्या नावाने धंदा मांडते तेव्हा ती वाट बंद करायची सूचना आपण तरी करू नये. जबाबदारी माहिती घेणाऱ्याची आहे. घेणारी बाई असली तरी.

पुरुषाचा नंबर बाहेर गेला तर त्याला विम्याचे फोन येतात. बाईचा गेला तर तिच्या चारित्र्याची चौकशी होते. हा फरक वेबसाइट करणाऱ्यांना कुणी शिकवत नाही. २०१७च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातली बातमी आली होती, आठवत असेल: मोबाइल रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात होते. पन्नास रुपयांपासून पाचशेपर्यंत, आणि दर ठरे तो मुलीच्या दिसण्यावरून. त्या मुलींनी केलं काय होतं, तर दुकानातल्या वहीत रिचार्जसाठी आपला नंबर लिहिला होता. आपल्या राज्यात २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना बायकांनी आधार, बँकेचं पासबुक, फोटो झेरॉक्सच्या दुकानादुकानांत नेऊन दिले. त्याच वर्षी साताऱ्याकडच्या एका प्रकरणात दुसऱ्यांचे आधार क्रमांक वापरून एकाच बाईच्या नावाने तीसच्या आसपास अर्ज भरल्याचं उघडकीला आलं. पनवेलच्या एका बाईचा अर्ज पुढे सरकेना, तिच्या आधारावर आधीच कुणाचा तरी अर्ज पडला होता, म्हणून ते सापडलं. आमच्या भागात झेरॉक्सवाल्याकडच्या संगणकात त्या दिवसांचे आधारकार्डांचे फोटो अजून असतील, याबद्दल मला फारशी शंका नाही. कुणी पुसायला सांगितलंच नाही.

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निकाल दिला. ‘खासगी’ या शब्दाशी आपल्या चळवळीचं मात्र कधी जमलं नाही, आणि त्याला कारण आहे. घरातली मारहाण हा खासगी मामला आहे, असं सांगूनच आपल्याला पोलीस चौकीतून परत पाठवलं गेलं. ते खासगीपण मोडायला आपण वर्षानुवर्षं झगडलो, तेव्हा २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला. पण खासगीपण घराचं वेगळं आणि बाईचं वेगळं. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ साली टी. सरिता खटल्यात हे ओळखलं होतं. बायकोला नांदायला यायचा हुकूम देणारं हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ त्या न्यायालयाने बाईच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग म्हणून रद्द ठरवलं. पुढच्याच वर्षी, १९८४ साली, सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते कलम पुन्हा वैध केलं. म्हणजे घराभोवतीची भिंत शाबूत राहिली, घरातल्या बाईच्या अंगाभोवती ती कधी उभीच राहिली नाही. अंबरनाथच्या या बाईच्या नवऱ्याने तिचा फोन उघडला तेव्हा आपण कुणाच्या खासगीत शिरतोय असं त्याच्या मनातही आलं नाही.

२०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या अमलात यायला १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. कशासाठी माहिती घेतोय ते सांगायचं, संमती घ्यायची, काम संपलं की पुसायची, फुटली तर जिची आहे तिला कळवायचं, हे त्यात आहे आणि ते चांगलं आहे. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. हा आकडा काकूंना वाचून दाखवला तेव्हा रडणं थांबवून पहिल्यांदा त्या हसल्या. मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला हा कायदा कात्रपच्या शिवणयंत्रापर्यंत कसा पोचणार, हे मला दिसत नाही. शिवाय तो फक्त संगणकावरच्या किंवा नंतर संगणकात चढवलेल्या माहितीला लागू आहे. रिचार्जवाल्याची कागदी वही त्याच्या बाहेर. आणि त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ज)ला कात्री लावली. वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक हिताचा विचार करण्याची जी अट त्याच कलमात होती ती काढून टाकली. रेशनच्या, पेन्शनच्या याद्या मागवून गावातले घोटाळे उघड करणाऱ्या बायकांना याचा त्रास होणार आहे. गरीब बाईच्या नंबराला संरक्षण देताना अधिकाऱ्याच्या फाइलीलाही पांघरूण घालून दिलं, याचा निषेध आपण केलाच पाहिजे.

इथपर्यंत मी दुसऱ्यांबद्दल लिहिलं. आता आपल्याबद्दल.

एमएसडब्ल्यूच्या पहिल्या वर्षात बिस्टेकची सात तत्त्वं पाठ करून घेतात, त्यातलं एक गोपनीयता. मी ते परीक्षेत छान लिहिलं होतं. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर २० ऑगस्ट २०२४ रोजी लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्यानंतरचे कित्येक दिवस आम्ही वस्तीवस्तीत सांगत फिरलो: मुलींची ओळख उघड करू नका, पोक्सोचं कलम २३ आहे, नाव-पत्ता पुढे पाठवू नका. बलात्कारित स्त्रीचं नाव झाकण्याची तरतूदही आपल्याच चळवळीची कमाई. मथुरा खटल्यानंतरच्या आंदोलनातून १९८३ साली कायदा बदलला तेव्हा ती दंडविधानात आली. हे सगळं मी तोंडपाठ सांगत होते, आणि त्याच दिवसांत आमच्या केंद्राचं नोंदणी रजिस्टर दाराजवळच्या टेबलावर उघडं पडलेलं असे. येणारी प्रत्येक बाई स्वतःचं नाव, पत्ता, फोन आणि ‘येण्याचं कारण’ स्वतःच्या हाताने लिही. लिहिताना वरच्या दहा जणींची नावं आणि कारणं वाची.

एकदा एक नवरा बायकोला ‘शोधत’ आला. आम्ही त्याला बाहेर बसवलं, पाणी दिलं. तो टेबलाशी बसून पान उलटत होता हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. बायको सापडली नाही, पण त्याच्या चाळीतल्या आणखी एकीचं नाव त्याने वाचलं, आणि संध्याकाळपर्यंत ते चाळीत पोचलं. ती बाई परत केंद्रात आली नाही. मी दोनदा तिच्या घराजवळून गेले. आत जाण्याचं धाडस झालं नाही, कारण मी गेले तर चाळीला आणखी एक पुरावा मिळाला असता.

तेव्हा काकूंना चार गोष्टी सुनावण्याचा अधिकार मला नव्हता. आम्ही दोन्ही कामं एकत्रच काढली. त्यांच्या फॉर्ममधून जन्मतारीख, फोटो आणि सगळी मापं काढून टाकली. राहिलं ते नाव, फोन आणि ‘काय शिवायचं आहे’. फोन कुठल्या वेळेत करायचा तेही आता बाईच लिहिते. हा रकाना अंबरनाथच्या बाईने सुचवला. माप काकू फोनवर स्वतः घेतात आणि वहीत नावाऐवजी क्रमांकाखाली लिहितात. वेबसाइटवाल्या मुलाचा ईमेल काढला, पासवर्ड बदलला, तक्ता बंद केला. वेबसाइटचा स्वतःचा पत्ता पाठवणारा म्हणून लावल्यावर चौकशा कचऱ्यात जायच्या थांबल्या. सोमवारी सकाळी काकू सगळे निरोप वाचतात, उत्तरं देतात. साडी पोचून तीन महिने झाले की गिऱ्हाइकाचा पत्ता पुसतात. सगळ्या गिऱ्हाइकांचा एक व्हॉट्सअॅप गट होता, त्यात दीडशे बायकांना एकमेकींचे नंबर दिसत होते. तो मोडून आता त्या प्रत्येकीला वेगळा निरोप जाईल अशा यादीवरून कळवतात. यात एक अडचण आली: जिने काकूंचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला नाही तिला तो निरोप पोचतच नाही. दिवाळीच्या काही ऑर्डरी कमी होतील असा काकूंचा अंदाज आहे. त्यांचं नुकसान खरं आहे, आणि ते त्यांनी एकटीने का सोसावं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

आमच्या केंद्रात मात्र पेच वेगळा आहे. रजिस्टर आता एका बाईला एकच कागद असं झालं. ‘कारण’ आम्ही आत बसून लिहितो. पण जुन्या केसपेपरचं काय? अकरा वर्षांचे आहेत. एक बाजू म्हणते, जाळून टाका, काम संपलं की ठेवायचा हक्क संपला. दुसरी म्हणते, २०१६ साली पहिल्यांदा मार खाऊन आलेल्या बाईने २०२४ साली पोटगीचा दावा लावला तेव्हा आपला तो जुना कागद न्यायालयात उपयोगी पडला, हे विसरलात? दोन्ही खरं आहे. माझं मत असं की कागद तिचा आहे, तेव्हा ठेवायचा की फाडायचा हे तिलाच विचारावं. यावर एकीने विचारलं, विचारायला फोन कुठल्या नंबरावर करणार, आणि तो उचलणार कोण?

अंबरनाथच्या बाईचा फोन परत मिळाला आहे, नोकरीही सुरू आहे. नवऱ्याशी दोन बैठका झाल्या, तिसरीला तो आला नाही. बहिणीच्या लग्नातली नऊवारी काकूंनीच शिवली, पैसे घेतले नाहीत, त्यावरून दोघींचं थोडं भांडणही झालं.

केसपेपरच्या कपाटाला आम्ही नवं कुलूप आणलं आहे. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे आहे. दुसरी कुणाकडे ठेवायची यावर मागच्या बैठकीत एकमत झालं नाही, येत्या बुधवारी पुन्हा बसणार आहोत.